ताईची जागा

दिवे जाऊन तासभर झाला होता आणि सगळ्यांच्या फोनची बॅटरी संपत आली होती, म्हणून आम्ही चौघं भावंडं थोरल्या मामांच्या खोलीत जाऊन बसलो. मामा बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. आता निवृत्त आहेत. एरवी कमी बोलतात, आणि बोलले तर वेळापत्रक वाचल्यासारखं मिनिटासकट बोलतात.

मावसभाऊ म्हणाला, "मामा, भुताची गोष्ट सांगा. पण पडका बंगला, विहीर असलं काही नको. आजकालचं सांगा."

"आजकालचं म्हणजे काय? कॉम्प्युटरमधलं भूत?"

"असतं का?"

"असलं तर तुझ्यापेक्षा बरा अभ्यास करत असेल त्याच्यावर," मामा म्हणाले. मेणबत्ती त्यांनी जरा लांब सरकवली. डोळ्यांना उजेड सहन होत नाही, म्हणाले.

"भूत असतं की नाही, मला ठाऊक नाही. मी एक फाइल पाहिली आहे. तिच्याबद्दल सांगतो. मध्ये मध्ये बोलू नका, मी दमलोय."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

मी गेलो होतो तो एक माइक पोचवायला. एवढंच काम होतं.

आमच्या स्थानकावर उद्घोषणा करणाऱ्या एक बाई होत्या. 'कृपया लक्ष द्या, फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी...' तो आवाज. बावीस वर्षं तोच. सगळे त्यांना फलाटबाई म्हणायचे, अगदी तोंडावर, आणि त्या रागवायच्या नाहीत. "आता खऱ्या नावाने कोणी हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघायची नाही," म्हणायच्या. दिवसभर काचेच्या खोलीत बसून लोकांच्या गाड्या सांगायच्या आणि संध्याकाळी त्यांची स्वतःची बस चुकायची. कारण त्यांच्या जागी येणारी बाई रोज उशिरा यायची.

घरी त्या आणि त्यांची आई. आई ऐंशीच्या पुढे. सगळं विसरायला झालं होतं तिला. जेवलो की नाही, दिवस आहे की रात्र, काही कळायचं नाही. झोप तर पार उडालेली. ती झोपायची एकाच गोष्टीने, बाईंच्या गाण्याने.

गाणं म्हणजे काही मोठं गाणं नव्हे. या लोकांची पूर्वी लॉन्ड्री होती. हॉस्पिटलच्या चादरी धुवायला यायच्या, दिवसाला दोन-दोनशे. बाई आणि त्यांची थोरली बहीण शाळेतून आल्या की घड्या घालायला उभ्या राहायच्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला. एकीने गात गात पुढे यायचं, आपल्या हातातली टोकं दुसरीच्या हातात द्यायची आणि सोडायची. मग दुसरीने गायचं. धाकटीच्या ओळी ठरलेल्या होत्या. पहिली मला आठवते. 'चादर मोठी, हात छोटे, धर गं ताई, धर.' ताईचं उत्तर मात्र रोज वेगळं. मनात येईल ते जुळवायची आणि म्हणायची. त्यामुळे ते कोणालाच पाठ नव्हतं. आणि ताईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

मग बाई काय करायच्या? आपली ओळ म्हणायच्या आणि थांबायच्या. ताईला जेवढा वेळ लागायचा तेवढाच. मग आपली पुढची ओळ. एकदा झोप अनावर झाली म्हणून त्यांनी ती जागा सोडली नाही, सरळ पुढचं म्हणून टाकलं. तर आई अंधारात उठून बसली. "थांब की जरा. तिचं होऊ दे."

तेव्हापासून रोज रात्री ताईची जागा सोडून गाणं व्हायचं. आई झोपायची. बाई दोन वाजता झोपायच्या आणि पाचला उठायच्या.

त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनची तारीख मिळाली बारा नोव्हेंबर, बुधवार, सकाळी पावणेआठ. डॉक्टर म्हणाले, गाठ काढावीच लागेल, बोलता येईल बहुतेक, गाण्याचं मात्र सांगता येत नाही.

हे त्यांनी मला नियंत्रण कक्षाच्या दारात सांगितलं. हातात रिकामा डबा होता.

"मला कुठे मैफली करायच्या आहेत, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण मी गायले नाही तर आई झोपणार नाही. आणि ती झोपली नाही तर मी कशी झोपू? नुसतं झोपेसाठी म्हणून विचारते. तुमच्या त्या कपाटात एक जुना माइक आहे ना?"

एका सहकाऱ्याने नवा कॉम्प्युटर घेताना जुना त्यांना देऊन टाकला होता. त्यावर गाणं रेकॉर्ड करून ठेवायचं, म्हणजे ऑपरेशननंतर रोज रात्री आईला लावता येईल, असा त्यांचा बेत होता.

रविवारी संध्याकाळी मी माइक घेऊन गेलो. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत आईची खाट, बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल आणि त्यावर तो कॉम्प्युटर. सुरू केला की दळण चालल्यासारखा घुरघुरायचा. बाईंनी खिडकीला दोन ब्लँकेटं टांगली होती, फ्रिज बंद केला होता, भिंतीवरचं घड्याळ उचलून बाथरूममध्ये नेऊन ठेवलं होतं.

"रात्रीच करावं लागेल," त्या म्हणाल्या. "रस्ता अकराशिवाय गप्प होत नाही."

मी त्यांना तो प्रोग्रॅम दाखवला. मला तरी काय येत होतं? मागच्या वर्षी स्थानकावर उद्घोषणा रेकॉर्ड करून ठेवायला एक तंत्रज्ञ आला होता, त्याच्या खांद्यावरून जे दिसलं तेवढं माझं शिक्षण. लाल बटण दाबलं की सुरू. आवाज आला की पडद्यावर हिरवी रेघ फुगते, आवाज थांबला की आडवी पडते. कानाला हेडफोन लावले की जे रेकॉर्ड होतंय ते त्याच वेळी ऐकू येतं.

एकदा करून बघितलं. बाईंनी पहिली ओळ म्हटली आणि थांबल्या. हिरवी रेघ आडवी झाली.

आतल्या खोलीत आई हसली.

म्हणजे कोणी काही गमतीचं बोललं की हसतात ना, तशी. मी बाईंकडे बघितलं.

"आईचं असंच आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढची ओळ म्हटली.

"ती घुरघुर फार येते हो," गाणं ऐकून त्या म्हणाल्या. "आईला वाटेल गिरणीत झोपलेय."

त्यावर उपाय होता. तंत्रज्ञाने मला सांगितलाही होता. गायच्या आधी दहा सेकंद गप्प बसायचं. खोलीचा जो नुसता आवाज येतो तो आधी नोंदवायचा. मग तो तुकडा निवडून प्रोग्रॅमला दाखवायचा, की हा कचरा. प्रोग्रॅम तेवढा आवाज ओळखतो आणि सगळ्या गाण्यातून झाडून काढतो.

त्यातलं 'गायच्या आधी' हे मी विसरलो. मी बाईंना म्हणालो, "सोपं आहे. जिथे कोणी गात नाही ती जागा निवडायची, आणि 'काढून टाका' वर दाबायचं."

मामा थांबले. मग मावसबहीण हळूच म्हणाली, "म्हणजे त्यांनी ताईची जागा निवडली?"

"मी सांगितलं होतं तसं केलं त्यांनी," मामा म्हणाले. "त्यांची काही चूक नव्हती. बावीस वर्षं नियंत्रकाने सांगितलं तेच त्या बोलत आल्या."

पुढचं मी पाहिलेलं नाही. बुधवारी सकाळी हॉस्पिटलला जाताना गाडीत त्यांनी मला सांगितलं. त्यांच्या त्या आवाजातलं तेच शेवटचं बोलणं.

रविवारी आणि सोमवारी जमलं नाही. एकदा खोकला आला, एकदा खाली कोणीतरी गाडी सुरू करत बसलं, एकदा त्यांनाच गाता गाता डुलकी लागली. राहिली मंगळवारची रात्र. अकरा नोव्हेंबर. साडेअकराला त्या बसल्या आणि एका दमात गाणं झालं. चारही ओळी, चारही जागा. बारा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी पहिल्या ओळीनंतरची जागा निवडली. हिरवी रेघ तिथे अगदी आडवी नव्हती, जराशी थरथरत होती. कॉम्प्युटरच्या घुरघुरीने असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी 'काढून टाका' वर दाबलं. मग सेव्ह केलं, जुन्याच नावावर. आधीचं पुसलं गेलं.

ऐकलं. घुरघुर गेली होती. आवाज स्वच्छ होता. मधल्या जागा तर कानात कापूस घातल्यासारख्या झाल्या होत्या.

मग त्यांनी स्पीकर आतल्या खोलीच्या दाराकडे फिरवला आणि आईला गाणं लावलं. पहिली ओळ झाली. जागा आली.

आई हसली नाही.

दुसरी ओळ. जागा.

आई उठून बसली. "थोरली कुठे गेली?"

बाई म्हणाल्या, "आई, झोप."

"आत्ता होती. तू तिला घालवलंस?"

"मी कशाला घालवू गं?"

"ही एकटीच आहे," आई म्हणाली. रडायला लागली. लहान मुलं रडतात तशी नाही. आवाज न करता.

बाई मला म्हणाल्या, "भाऊ, मला तेव्हा भीती नाही वाटली. भीती वाटायलासुद्धा अंगात ताकद लागते. मला एवढंच वाटलं, आता पुन्हा गावं लागणार."

पावणेआठला ऑपरेशन. साडेसहाला मी गाडी घेऊन येणार होतो. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, आतलं दार नुसतं लोटलं, टेबलावरचा दिवा बंद केला. त्याचीही बारीक गुणगुण माइकमध्ये यायची. आता उजेड फक्त पडद्याचा. एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

त्यांनी हेडफोन लावले. लाल बटण दाबलं.

'चादर मोठी, हात छोटे...'

कानात काही आलं नाही.

त्यांना वाटलं, वायर निघाली. गाता गाता हात लावून बघितला. वायर जागेवर होती. त्या गात होत्या. गळ्यावर बोट ठेवलं तर गळा थरथरत होता. पडद्यावर मात्र हिरवी रेघ आडवी... अगदी सरळ... पट्टीने आखल्यासारखी.

ओळ संपली. त्या थांबल्या.

आणि रेघ हलली.

आधी थोडीशी. श्वास घेतल्यासारखी. मग फुगली.

त्यांनी ओठ मिटले होते. दातावर दात होते. रेघ वर जात होती, खाली येत होती. आणि हेडफोनमध्ये...

मामांनी खिडकीकडे बघितलं. खिडकीबाहेरून कोणाच्या तरी चपलांचा आवाज गेला. तो गेल्यावर ते पुढे बोलले, पण आवाज खाली आला होता.

ताई गात होती. जवळून. चादरीच्या दुसऱ्या टोकाकडून येतो तेवढ्या अंतरावरून नव्हे. घडी जुळते तेव्हा दोघी असतात ना... तेवढ्या जवळून.

मागे वळून बघायचं नाही, असं बाईंनी ठरवलं. दुसरी ओळ म्हटली. रेघ आडवी. थांबल्या. रेघ उठली.

आतून आई हसली. मग म्हणाली, "धाकटी कुठे गेली?"

बाई तिसरी ओळ गात होत्या. जोरात गात होत्या. लोटलेल्या दारापासून खाट चार हातांवर.

"अगं, धाकटीला बोलाव," आई म्हणाली. "ती का गात नाही?"

त्यांनी आणखी जोर लावला. गळ्यात कळ गेली. कानात काही नाही. पडद्यावर काही नाही.

थांबावं, बटण बंद करावं, हेडफोन काढून फेकावेत... हे सगळं त्यांना सुचलं. पण थांबलं तर आई झोपणार नाही. उद्याही नाही, परवाही नाही. आणि पुन्हा गायला आवाज राहणार नाही. त्यांनी डोळे मिटले आणि चौथी ओळ म्हटली.

थांबल्या.

कानात ताईचं उत्तर आलं. ते रोज नवीन असायचं. त्या रात्रीचं हे होतं.

'धरलंय मी... सोड आता.'

मग आत खाट कुरकुरली. आई कुशीवर वळली. घोरायला लागली.

एक वाजून बावन्न मिनिटं. बाईंनी सेव्ह केलं, नव्या नावाने. मग तिथेच टेबलावर डोकं टेकवून झोपल्या.

"झोपल्या?" मावसभाऊ म्हणाला. "तशाच?"

"तू कधी बावीस वर्षं पाचला उठला आहेस का?" मामा म्हणाले. "मग बोलू नकोस."

साडेसहाला मी गेलो. आईला शेजारच्या काकूंकडे पोचवलं. बाईंनी बॅग उचलली. कॉम्प्युटर रात्रभर चालूच होता. तो मी बंद केला आणि भिंतीतून प्लग ओढून काढला. सवय आहे मला, स्थानकावरचा सगळा जुना माल तापायचा. दाराला कुलूप मी लावलं. किल्ली बाईंनी माझ्याकडे दिली. "मला कुठे सांभाळायला जमेल," म्हणाल्या.

गाडीत त्यांनी हे सगळं सांगितलं. सांगताना बाहेर बघत होत्या. मी विचारलं, "तुम्हाला नक्की खात्री आहे? झोप नव्हती तीन रात्री." त्या म्हणाल्या, "झोप तर सहा वर्षं नाही, भाऊ." आणि मग हॉस्पिटल आलं.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली, म्हणाले. जीव सुखरूप. पण नस गाठीला चिकटली होती. कापता कापता जे व्हायचं ते झालं. आवाज गेला. कुजबुजण्याइतकं येईल, त्यापुढे नाही.

बाई शुद्धीवर आल्या तेव्हा मी खुर्चीत होतो. त्यांनी खुणेने विचारलं, आई? मी म्हटलं, बरी आहे. त्यांनी डोळे मिटले. तीच एक गोष्ट विचारायची होती त्यांना.

पण आई बरी नव्हती. गुरुवारी संध्याकाळी शेजारच्या काकूंचा मला फोन आला. "काल रात्रभर बसून आहेत हो त्या. आम्हीही बसून आहोत. ते गाण्याचं काय ते लावा तुम्ही." मी गेलो. कुलूप काढलं. आईला तिच्या खाटेवर बसवलं. बाहेरच्या खोलीत अंधार होता, खिडकीवर ब्लँकेटं तशीच. प्लग मी टाकला होता तिथेच, टेबलाखाली जमिनीवर पडला होता. मी तो लावला. कॉम्प्युटर सुरू केला.

रात्रीची फाइल सापडली. लावली. खरं सांगतो, लावायच्या आधी मी दार उघडं आहे ना ते बघून घेतलं.

एक बाई गात होती. आमच्या बाई नव्हेत. जाडसर, हसरा आवाज. मध्ये मोठी मोकळी जागा. मग पुन्हा तोच आवाज. त्यांनी गाडीत सांगितलं तसंच सगळं. ताईला मी कधी भेटलो नव्हतो. पण आतून आई तिच्याशी बोलत होती. मग आई म्हणाली, "धाकटी?"

आणि थोड्या वेळाने पुन्हा, "धाकटी येत नाही का?"

म्हणजे या गाण्यानेही तिला झोप लागणार नव्हती. गाणं बंद करायला मी हात पुढे केला, तेव्हा ती मला दिसली. त्या फाइलच्या खाली आणखी एक होती. नाव नव्हतं. नुसती तारीख आणि वेळ.

मी ती लावली.

'चादर मोठी, हात छोटे, धर गं ताई, धर.'

बावीस वर्षं मी तो आवाज ऐकला आहे. झोपेतून उठवलंत तरी ओळखेन. फक्त एक फरक होता. तो दमलेला नव्हता.

आतल्या खोलीत काही हालचाल होईना. मी दारातून डोकावलो. आई झोपली होती. तोंड जरासं उघडं, हात गालाखाली.

मी परत टेबलापाशी आलो आणि चष्मा पुसून ती वेळ पुन्हा वाचली. मंगळवारची रात्र नव्हती.

बुधवार, बारा नोव्हेंबर. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं.